सावधानात अडकलेला गुडघा

तीर्थस्वरूप लक्ष्मणरावदादा यांस हिम्मतरावाचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सातच अंगांनी, डावा गुडघा यायला तयार नाही.) आपली कंबर आणि वहिनींचं डोकं, दोन्ही शांत असतील अशी आशा. पत्र बरकतपुऱ्याच्या घरून नाही, लष्करी दवाखान्याच्या वॉर्डातून लिहितो आहे. पण आपल्या बहिणीचं, भामाचं, कुंकू ठणठणीत आहे, काळजी नसावी.

माझी अपंगत्वाची पेन्शन आपल्याला ठाऊकच आहे. गुडघा किती टक्के निकामी, हे दर काही वर्षांनी डॉक्टरांचं बोर्ड नव्याने ठरवतं आणि त्यासाठी भरती करून घेतं. टक्के घसरले की पेन्शन घसरते, आणि तिच्यावरच आमच्या अश्विनीचा नारायणगुड्याचा कॉम्प्युटर क्लास चालतो. (देशाचे दरवाजे उघडलेत, आता कॉम्प्युटरशिवाय नोकरी नाही, असं ती म्हणते.) त्यामुळे इथे बरं व्हायची घाई कुणालाच नाही. सकाळी राउंडला सगळा वॉर्ड कण्हतो आणि संध्याकाळी तोच वॉर्ड कॅरमवरून भांडतो. शेजारच्या खाटेवरचे नाईक खादरमियाँ मला रोज समजावत, "सुभेदारसाब, डॉक्टर आए तो उठना नक्को. पाँव पकड़को हाय-हाय बोलना, बस." मी म्हटलं, असली सोंगं मला जमत नाहीत. पाय माझा आहे, काय ते तोच सांगेल.

सोमवारी कर्नल डॉक्टर वॉर्डात शिरले. कर्नल समोर आणि मी पडून, असं आयुष्यात घडलेलं नाही. ताडकन उठलो, टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली. खादरमियाँनी कपाळावर हात मारून घेतला. साहेब मात्र खूश. गुडघा छान सुधारलाय म्हणाले, कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढे गेले. म्हणजे पोरीचा क्लास गेला! खाली बसावं म्हटलं, तर बसता येईना! गुडघा जागच्या जागी अडकलेला. ओरडायची तर सोयच नाही. (सावधानात असलेला माणूस ओरडत नाही.) साहेब सगळा वॉर्ड तपासून परत आले, तरी मी तसाच. विश्राम, म्हणाले. पुन्हा म्हणाले. विश्राम काही घेता आला नाही, डोळ्यांतून पाणी मात्र आलं. मग वॉर्डबॉयनी मला फळीसारखं उचलून आडवं केलं आणि साहेबांनी कागदावरचं खोडलं. बोर्डाने टक्के वाढवले! शिस्तीचं चीज होतं ते असं.

आपला, तूर्त आडवा पण मनाने उभा,
हिम्मतराव

ता. क. दिवाळीत आपण पाठवलेली शिसवी काठी मी "कुणा म्हाताऱ्याला द्या" म्हणून भामाला परत पाठवायला सांगितली होती. ती कृपया धाडावी. घरी नको, वॉर्डाच्या पत्त्यावर. भामाला कळू नये.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायला काल भामाकडेच द्यावं लागलं. तिने ते वाचलं आणि आज परत आणलं. काठी तुमच्याकडे आलीच नव्हती, आमच्याच कपाटामागे होती. जेवणाच्या डब्याबरोबर ती आणून तिने खाटेला टेकवून ठेवली. मी अजून हात लावलेला नाही. (तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा लावला, तेवढाच काय तो.)