खुर्चीची बंद कडी

चिंचणी, मंगळवार, दिवेलागण

माझ्या नवऱ्याला डोकं हाय का नाय? मेलेल्या माणसाची खुर्ची आपल्या बोटीवर बसवायला निघालाय! जाळ्यात आली, फुकटची, सुकाणूपाशी बसायला बरी म्हणे. वर हसतो, "तुला बसवू का गं आधी?"

ती लढाईतल्या विमानाची हाय. सासरे सांगायचे, इंग्रजांच्या वेळी विमानं पाण्याला टेकतील इतकी खाली यायची, जहाजावर बॉम्ब टाकायला शिकायची. एक वर उठलंच नाय. गावच्या बोटींनी शोधलं, आतला एक पण माणूस मिळाला नाय.

कमरेचा पट्टा कुजलाय, पण त्याची कडी अजून बंद हाय. म्हणजे तो बसल्या जागीच खाली गेला. कुणाचा तरी पोरगाच की. दर्यात परकं मढं मिळालं तरी आमी किनाऱ्याला आणतो, अग्नी देतो. आणि याच्या जागेवर बसायचं?

दुपारी हे झोपले तेव्हा ओट्यावर जाऊन मी ती कडी उघडायला बघितली. खोबरेल घातलं, बत्त्याने ठोकली. हलली नाय. कोरड्यात, उजेडात मला जमत नाय, त्याला पाण्याखाली काय जमणार होतं?

हे उठल्यावर सांगितलं तर म्हणाले, "कडी काय मला धरून ठेवणार हाय?"

धरलं तर?

शुक्रवारी बोट जाणार. आता जेवायला बसले की तोंडावर सांगते: गुरुवारी संध्याकाळपर्यंत बोला. नारळ देऊन खुर्ची दर्याला परत करता, का ती कडी माझ्यासमोर उघडून दाखवता?