जाईबाईच्या नेटची कडी

१२ फेब्रुवारी, बुधवार
अख्ख्या थेरगावात जाईबाईसारखी शेजारीण न्हाई. तिच्या घरचं नेट मला फुकट, माझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर. माझा पोरगा गणराज चाकणची कंपनी सोडून चेन्नईला गेला, जुना लॅपटॉप मला ठेवून. रोज संध्याकाळी त्यात नात दिसते, संस्कृती. आज त्याच्या कडेला एक बारकी कडी सापडली. झोपताना ती सरकवून लावली, मग स्क्रीनवरनं वायफाय बंद केलं, झाकण लावलं. कडी लावल्याबिगर मला झोप न्हाई.

१३ फेब्रुवारी
सकाळीच कडी काढली. संध्याकाळी वायफाय चालू करायला गेले तर लॅपटॉप म्हणतो, स्विच बंद हाय. कुठला स्विच? कडी तर उघडी. म्हंजे जाईबाईनंच बंद केलं. काल तिच्या नव्या कवळीला शोरूम म्हणले, त्याचा राग. दगा दिला बाईनं.

१४ फेब्रुवारी
तिच्याशी बोलणं बंद. चटणी बंद. जाता-येता तिच्या दाराकडं बघायचं न्हाई, मान ताठ. पक्कं.
दुपारी मान आखडली.

१५ फेब्रुवारी
डांगे चौकात ती भाजी घेत होती. मी पलीकडच्या गाडीवर वळले. जून गवार पदरात पडली. आमचे मालक गेले तवा हीच चुलीपुढं बसून सगळ्यांचा चहा करत होती. आता हे.
संध्याकाळी माझ्या बटणाच्या फोनवर संस्कृती. आजी, तू रुसलीस का? म्हणले, मी न्हाई, नेट रुसलंय.

१७ फेब्रुवारी
जाईबाईची सून वर्षाली आली. कंपनीत कॉम्प्युटरचं बघते. सासूनंच धाडली. नेट चालूच हाय म्हणे. ती बारकी कडी वायफायचीच. आत वायफाय चालवणारा एक ड्रायव्हर असतो, रात्री लावलेली त्यानं बघितली, मग मी स्क्रीनवरनं बंद करून त्याला झोपवलं. झोपल्यावर तो कडीकडं बघतच न्हाई. सकाळी उघडली ते कळलंच न्हाई, अन् कडी लागलीय समजून उठत पण न्हाई. तिनं ड्रायव्हर काढून परत घातला. नात दिसली.
चूक ड्रायव्हरची. कंपनीच्या बसचा असा झोपला असता तर?

१८ फेब्रुवारी
चटणीचा डबा घेऊन गेले. मोठ्या मनानं माफ करायचं ठरवलेलं. जाईबाई म्हणाली, "दार रोज उघडंच होतं की ग. तू बघितलंच न्हाईस."
तिचं बोळकं तोंड. शोरूम म्हणले त्या दिवसापासनं कवळी डबीत हाय म्हणे.
डबा पुढं केला. चटणीतला एक जाडा शेंगदाणा तिनं जिभेवर घेतला अन् किती वेळ घोळवत बसली.
उद्या बारीक कुटीन.