भाकरी थापताना वर येणारी गाठ

आई, तुझ्या पाठीतली गाठ आता माझ्या पाठीत आलीय. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, अगदी तिथंच. मुरूम गावातल्या घरात तू पेठेतल्या दुकानदारांसाठी कडक भाकऱ्या करायचीस. काटवटीवर वाकून थापायला लागलीस की चोळीखाली काहीतरी हळूच वर यायचं, आणि ताठ बसलीस की आत जायचं. मी लहान, मागं बसून त्याची वाट बघते आहे. एकदा बोट लावते. तू पिठाच्या हातानं माझा हात झटकतेस. "कुणाला बोलू नगं. त्योच रोग हाय. आजपासनं लांब नीज."

कॅन्सरचं नाव आपल्या घरात कुणी घेत नसे. तो अंगाला अंग लागून पसरतो, अशी तुझी खात्री. दवाखान्याचं म्हटलं की तू चूल फुंकायला लागायचीस. तांब्या वेगळा झाला, गोधडी वेगळी झाली. अख्ख्या पेठेला तुझ्या हातची भाकरी चालत होती, जपायची तेवढी मीच होते. पुढं तू तापानं गेलीस, तेव्हाही गाठ होती तेवढीच होती. राग मात्र माझा वाढत गेला.

माझी गाठ सुनेनं पाहिली, पाठ चोळताना. तिनं सोलापूरला नेलं. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारा. म्हणजे ती बाहेर येईल." मी मारली. पडद्याकडं बघत त्यांनी गाठीची मापं घेतली, मग एमआरआय करा म्हणाल्या. त्या बोगद्यात ठकठक चालली होती, आणि मला तुझं थापणं ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात नातीची गोधडी वेगळी करत होते.

आज रिपोर्ट मिळाला. "कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या, "चरबीचे आणि तंतूंचे थर आहेत. क्वचितच दिसते अशी गाठ. हातांच्या कष्टानं होते म्हणतात, कधी घराण्यातही असते. तुमच्या आईला होती?"

मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं, तर तू मला लांब निजवलेली ती सगळी वर्षं फुकट गेली असं त्या खुर्चीत बसून कबूल करावं लागलं असतं. तुझी गाठ हीच होती की दुसरी, आता कोण सांगणार? कुणी तपासलीच नाही.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगते. घरी आल्यावर मी भाकरी थापायला बसले. नात मागून येऊन पाठीला चिकटली, आणि तिचं बोट नेमकं गाठीवर पडलं. रिपोर्ट समोर फळीवर होता. तरी मी तिचा हात झटकला.