पलंगाखालचा जनरेटर

क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना
९ फेब्रुवारी १९८९

प्रिय डोरीन,

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. उघडून यादी केली ती अशी: जनरेटरचं माहितीपुस्तक एक, लेलंडच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, न वापरलेला पेट्रोलचा फिल्टर एक, आणि तू विणलेली शाल. तिकिटं तू चार डॉलरांची लावलीस, तीन चाळीसमध्ये भागलं असतं. त्याच टपालाने दुकानातून आम्ही मागवलेले नगही आले: दोन प्लग, तीन डॉलर दहा सेंट; कार्बोरेटरच्या वायसरांचा संच, अकरा पासष्ट. ते यायच्या आधीच दोष सापडला होता, त्यामुळे काहीच लागलं नाही, आणि दुकानदार माल परत घेत नाही. असो.

ख्रिसमसच्या पत्रात तू विचारलं होतंस, जनरेटर नीट चालतो ना म्हणून. त्याचं उत्तर द्यायला मी सहा आठवडे लावले. नीट चालत नव्हता. लेलंड गेल्यावर ऑक्टोबरात तुझ्याकडून ही घरगाडी घेतली तेव्हापासून त्याला एक खोड होती. मर्लने गाडीच्या मागच्या बाजूने त्याच्या कप्प्याचं झाकण उघडून हत्यारं काढली की तो शिलाई मशीनसारखा सुरेख चालायचा. हात पुसून मर्लने झाकण लावलं की पंधरा-वीस मिनिटांत त्याचा आवाज चढायला-उतरायला लागायचा, जिना चढून दम लागलेल्या माणसासारखा, आणि मग बंद. मर्ल म्हणायचा, "रुसतोय गं. चार लोकांत गातो, एकटा सोडला की गप्प." प्लग घासले, कार्बोरेटर धुतला, तेल पाहिलं. गाडी कलती असेल तरी तो आपोआप बंद पडतो म्हणून सपाट जागेवर नेऊन लावली. फरक नाही. इथे वाळवंटात विजेचा खांब नाही, बॅटऱ्या भरायला रोज दोन-तीन तास तो लागतोच. मग बंद पडला की सुरू करायचा, पुन्हा पडला की पुन्हा सुरू करायचा, असं चाललं होतं. पेट्रोल किती जळतं ते मी लिहून ठेवत होते आणि मर्लला ऐकवत होते.

आता जे लिहिते आहे ते मी आमच्या चर्चच्या पाळकांनाही सांगितलेलं नाही. जानेवारीत आठ दिवस वारा सुटला. खिडकी उघडली की वाळू थेट पिठात. मर्ल बाहेर आडोशाला बसून काहीतरी खुडबूड करायचा आणि मी आत, सगळं बंद करून. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी पावाचं पीठ मोजत होते. तुला माहीतच आहे, मी मोठ्याने मोजते. एक वाटी, दोन वाट्या. मी तीन म्हणायच्या आत माझ्या पाठीमागून कोणीतरी "चार" म्हणालं. वळून पाहिलं तर पलंग, त्यावरची पांघरुणाची घडी, आणि खाली जनरेटरची ती चढउतार. मी स्वतःलाच दटावलं, "आर्लिस, साठी उलटली तुझी, वाऱ्याला काय घाबरतेस?" पण पुढची वाटी काही मोजवेना. दुसऱ्या दिवशी तो आवाज नाकातल्या नाकात गुणगुणायला लागला. शब्द नाहीत, नुसती चाल, भांडी पुसताना लेलंड गुणगुणायचा ती. मी एप्रनला हात पुसून बाहेर गेले, मर्लला म्हटलं, "तुला ऐकू येतंय का?" तो म्हणाला, "येतंय ना. पेट्रोल कमी पडतंय त्याला." बाहेर दहा मिनिटं उभी राहिले, तर सकाळपासून डोक्यात असलेला ठणका उतरला आणि चालही गेली. आत आले की पुन्हा.

आठवड्याच्या शेवटी तो आला. भर दुपारी, डोरीन, टेबलावर ऊन पडलेलं असताना. विशीच्या आतला मुलगा, केस कपाळाला चिकटलेले, अंगावरून पाणी गळतंय. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. त्याच्या कोपराखालून थेंब पडताना मला दिसत होते, आणि जमीन कोरडी होती. मला भीती वाटली नाही, हेच मला नंतर जास्त भयंकर वाटलं. मी मुकाट्याने उठले आणि त्याच्यापुढे ताट मांडलं. मग बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तर पहिल्या ओळीपुढे काही नाही. सातव्या वर्षापासून पाठ असलेलं स्तोत्र, कोणीतरी पाटीवरून पुसून टाकावं तसं. मर्ल जेवायला आत आला तेव्हा टेबलावर तीन ताटं होती. तो ताटांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "कोण येणार आहे?" मी म्हटलं, "हार्लन." माझ्या तोंडून ते नाव गेलं आणि मर्लच्या हातातली टोपी खाली पडली.

लेलंडच्या या धाकट्या भावाबद्दल, हार्लनबद्दल, तू मला गेल्या वर्षी सांगितलं होतंस, की तो एकोणिसाव्या वर्षी नदीत बुडाला, आणि गेल्या फेब्रुवारीपासून लेलंड त्याच्यासाठी तिसरं ताट मांडायला लागला. बुटाचं तू सांगितलं होतंस का, ते मला आठवत नाही. सांगितलंच असेल.

मी ठरवलं, मला वेड लागलं नसेल तर गाडी पछाडलेली आहे. मर्लला म्हटलं, विकून टाकू. तो म्हणाला, "भुतासकट कोण घेणार? आणि घेतली तर भुताचे जास्त पैसे लाव." पण हसला नाही. शेजारची बर्निस अंडी द्यायला आली, ती मला बघून म्हणाली, "गाल बघा बाईचे! सोळा वर्षांची पोरगी लाजेल. वाळवंट मानवलं हो तुम्हाला!" मी त्या दिवशी दोनदा ओकले होते.

शनिवारी मर्ल ओरेनला घेऊन आला. खाणीतले पंप दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला तो म्हातारा, तुला आठवत असेल, पैसे घेत नाही, सफरचंद भरून भाजलेली पाई घेतो. मर्लने सगळी कथा सांगायला सुरुवात केली, प्लग, फिल्टर, तेल, आणि मग ते झाकणाचं. ओरेनने हात वर करून त्याला थांबवलं. "थांब. झाकण उघडं असलं की चालतो आणि लावलं की मरतो?" "हो." "झोपता कुठे तुम्ही?" मर्लने बोट दाखवलं, बरोबर वर. ओरेन म्हणाला, "अरे मूर्खा, तो स्वतःचाच धूर ओढून गुदमरतोय. आणि उरलेला तू बायकोला पाजतोयस." त्याने पत्र्याचं आवरण काढलं. धुराच्या पाइपाचं कोपर इंजिनजवळ तडकलेलं होतं, आणि वरच्या फळीत तारा न्यायला पाडलेलं भोक चांगलं मुठीएवढं. ओरेनने मला बाहेर खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, त्या धुरात असा एक वायू असतो की त्याला वास नाही, रंग नाही. थोडा-थोडा गेला की डोकं दुखतं, गाल लाल होतात, माणसं नको ते बघतात, ऐकतात. जास्त गेला की झोपेत संपतात. "खाणीत मी धडधाकट माणसांना मेलेल्या आईशी बोलताना पाहिलंय, बाई. मोकळ्या हवेत आणलं की आई गेली." त्या दिवसापासून जनरेटर बंद आहे. पाचव्या दिवशी मला स्तोत्र परत आलं, पूर्ण. कोणीही मोजत नाही, कोणी येत नाही.

डोरीन, तू ख्रिसमसच्या पत्रात शेवटी लिहिलं होतंस की आपण त्या लायक नाही म्हणून तू चर्चमध्ये प्रभुभोजन घेत नाहीस. लेलंड गेला त्या सकाळी निघताना तू त्याला म्हणालीस, "एक तर तुझं डोकं गेलंय, नाहीतर श्रद्धा," आणि ते त्याने तुझ्या तोंडून ऐकलेलं शेवटचं. त्या बोलण्याने त्याचं हृदय फुटलं असं तू धरून बसली आहेस. तसं झालेलं नाही. त्याचं डोकं गेलं नव्हतं आणि श्रद्धाही. त्याने जो बघितला तो मीही बघितला. तो मार्चमधला दिवस आठव. असाच वारा, खिडक्या बंद, तो पलंगावर, खाली जनरेटर. आपण चर्चच्या बायकांच्या विक्रीला गेलो, मीच तुला ओढून नेलं. परत आलो तेव्हा जनरेटर बंद होता, म्हणून कोणाच्याच मनात काही आलं नाही. डॉक्टर हृदय म्हणाला, आपण हृदय म्हटलं. आता मला कळतं, लेलंड गेल्यावर काही वेळाने जनरेटरही गुदमरून थांबला असणार.

इथवरच लिहून थांबावं असं मर्लचं म्हणणं. पण मग तुला अर्धंच कळेल. वर एक गोष्ट मी गाळली. ओरेनने आवरण काढलं तेव्हा तडकलेल्या कोपराभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती, तारेने आवळलेली, जळून चाळणी झालेली. ओरेनने ती चिमट्याने उपटून भिरकावली आणि म्हणाला, "हे कोणत्या गाढवाचं काम?" ती पट्टी माझ्या कॉफीच्या डब्याची होती. गेल्या वर्षी जानेवारीत ते कोपर पहिल्यांदा तडकलं तेव्हा मर्ल आणि लेलंड मिळून बघत होते. मर्ल म्हणाला, नवीन बसवू, अडतीस डॉलर पडतील. लेलंड खिसा चाचपत होता. मी दारातून म्हटलं, "अडतीस डॉलर पाइपाला? वेडे आहात. माझा डबा रिकामा झालाय, तो गुंडाळा." आणि माझ्याच स्वयंपाकाच्या कात्रीने पट्टी कापून दिली. फुटक्या पाइपाचा आवाज थांबला, सगळे खूश झाले, लेलंडने माझे आभार मानले. फेब्रुवारीत हार्लन जेवायला यायला लागला. आपल्या बोलण्याने नवरा गेला असं तू वर्षभर धरून बसली आहेस, आणि कारण माझी काटकसर होती. मर्ल म्हणतो, "तिच्या जखमेवरची खपली कशाला काढतेस?" मी म्हटलं, ती जखम तिची नाहीच, आपली आहे. तो चार दिवस धड जेवलेला नाही. पण आज सकाळी मी लिहायला बसले तेव्हा त्यानेच पाकिटावर तिकीट चिकटवून माझ्यापुढे ठेवलं. आम्ही पंधरा मार्चपर्यंत इथे आहोत, पोस्टमास्तर पत्र राखून ठेवतात. तुला आमचं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही, शिव्या द्यायच्या असतील तर त्या लिही. फक्त उलट टपाली लिही, डोरीन.

तुझीच,
आर्लिस