शेततळ्याला ताप नाही

४ डिसेंबर
अंकिता माहेरी गेली, सांगलीला. तात्पुरतीच. जाताना म्हणाली, "आता तुमी आन् तुमचं मासं." म्हणजे जबाबदारी टाकली माझ्यावर. विश्वास असल्याशिवाय कोण टाकतं? टार्गेट: उन्हाळ्यापर्यंत रोहू किलोकिलोचे, मग पिल्लं. पिल्लं बघून ती विरघळणारच.

९ जानेवारी, सकाळी
कडाका. मासे खात नाहीत. मत्स्य विभागाचे साहेब म्हणाले, गार पाण्यात मासा खात नाही, वाढत नाही, खाद्य कमी टाका. साहेबांचं लग्न झालेलं नसावं. मासे अंकिताला शोधतायत, दुसरं काय! डबल खाद्य टाकलं. तळाशी कुजतंय. मलाही जेवण जात नाही. तिला फोनवर सांगितलं. "मग दवाखान्यात जावा," म्हणाली. काळजी आहे.

२ मार्च
माद्यांची पोटं फुगली! साहेब म्हणे, रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, नदीचा पूर लागतो. मोटार लावून तळ्यातलं पाणी तळ्यातच फिरवलं. लाईट गेली. पूर ओसरला.

१८ एप्रिल, दुपार
शेजारचा मोहिद्दीन म्हणाला, "जयराज, तळ्याचं प्लास्टिक लय तापतंय गड्या. वरनं हिरवं नेट तरी टाक." अंदाजावर शेती होत नसते. तापाचा थर्मामीटर आणून पाण्यात धरला. सत्त्याण्णव. ताप नाही. नेट कॅन्सल.

५ मे, पहाट
सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत. ओळखायला लागले मला! अंकिताला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. "आवं, दम लागलाय त्यास्नी! ताजं पाणी सोडा." आणि रविवारी येते म्हणाली! पुढं टेम्पोचं काहीतरी बोलली. पाणी शनिवारीच सोडतो, म्हणजे ती येईल तेव्हा तळं काठोकाठ दिसेल.

१० मे, रविवार
शनिवारी दिवसभर लाईट नव्हती.
सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. अंकिता टेम्पो घेऊन आली. शिलाई मशीन न्यायला. सांगलीत विश्रामबागेत गाळा घेतलाय तिनं. मला बघून पदर खोचला, जाळं घेतलं. दोघांनी मिळून मासे बाहेर काढले. माद्या गाभोळीनं गच्च भरलेल्या. मला रडू आलं. जूनमध्ये माशांचं नवीन बीज टाकतो म्हणालो.
"टाका," म्हणाली. "पण माझी वाट बघू नगा."
मशीन जड होतं. एका बाजूनं मीच धरलं.