अकरा लाटणी आणि एक करार

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप दादांना हुडकेश्वरहून शामलाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधता ना, की खापरखेड्याच्या युनियन ऑफिसात सगळ्यांचं दुखणं ऐकता आणि आपलं विसरता? फोनच केला असता, पण हे शेजारीच बसून असतात. (कागद मागच्या सालच्या कॅलेंडरचा आहे, कोरी बाजू वाया कशाला घालवायची?)

आमच्या उन्नतीनं कामगार संबंधांची पदविका घेतली, ठाऊकच आहे. (मालक-कामगारांचं भांडण मधे बसून मिटवायचं आणि वर पगार घ्यायचा. या घरात हेच काम मी बावीस वर्षं फुकट करते, असो.) मौद्याकडच्या एका कारखान्यानं मुलाखतीला बोलावलं, पण म्हणाले, एक तरी तंटा मिटवल्याचा अनुभव आणा. आता तंटा काय किराणा दुकानात मिळतो? पोरगी आठवडाभर धड जेवली नाही. शेवटी मीच गजानन महाराजांना साकडं घातलं, एखादं बरंसं भांडण पाठवा.

आणि प्रगटदिनाच्या महाप्रसादाला पाठवलं! मंदिर समितीचे अध्यक्ष आमचे हे. अकरा बायकांनी पहाटेपासून पोळ्या लाटायच्या, पुरुषांनी आधी जेवायचं आणि आमच्या पानात बुंदीचा चुरा, ही दरवर्षीची रीत. यंदा नैवेद्य झाला आणि कोण्या एका बाईनं लाटणं खाली ठेवलं. पाठोपाठ दहा लाटणी खाली. बाहेर तीनशे माणूस पत्रावळी मांडून बसलेलं! हे धावत आले, "काहून थांबल्या वं?" शेजारची प्रेमलता म्हणाली, "भाऊजी, पहिली पंगत आमची. अन् वरणाचे गंज-पातेले तुम्ही घासा." "मी अध्यक्ष आहो!" "मंग मोठा गंज तुमचा."

उन्नती वही घेऊन मधे बसली. इकडचं ऐकलं, तिकडचं ऐकलं, वरण निवलं तरी पोरीचा आवाज चढला नाही. तासाभरात करार, दोन्हीकडच्या सह्या. पहिल्या पंगतीत आम्ही बसलो, वाढायला समिती. मी बुंदी दोनदा घेतली (प्रसादाला नाही म्हणू नये). मोठा गंज यांनीच घासला. अजूनही फुगलेलेच आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुमची शामला

ता. क. : करार पाहून कारखान्याचे साहेब खूश आहेत, फक्त कोणा जुन्या युनियनवाल्याचं मत हवं म्हणाले. तुमचा नंबर दिला आहे. प्रत सोबत आहे. बायकांच्या बाजूची पहिली सही नीट दिसणार नाही, कणकेचा हात लागला आहे. दिसलीच, तर ती बाई पोरीची आई आहे हे फोनवर बोलू नका.

ता. ता. क. : लाटणं मी मुद्दाम ठेवलं हे उन्नतीला कळू देऊ नका. तिला वाटतं, मला बुंदीचा राग आला. (तसा बावीस वर्षांपासून होताच.) यांनी विचारलं, तर महाराजांची इच्छा म्हणा.