दोराजवळची जागा

जव्हार,
नोव्हेंबर १९७९

प्रिय युसुफ,

सलाम. तुझी नवी जीप तयार झाली. तुका ड्रायव्हर तिला सोडून गेल्यापासून ती माझ्या दुकानासमोर चिंचेखाली उभी आहे, आणि येणारा-जाणारा तिच्या मागे वाकून बघतो. तुझा निरोप तुकाने शब्दन्‌शब्द सांगितला. वांगणीच्या पाड्याची प्रवाशांची फेरी पुन्हा सुरू करायची आहे, मागचा बंपर हारुनच्या पसंतीने बसवू दे, ओढायचे आकडे कुठे लावायचे तेही त्यालाच ठरवू दे, माझा त्याच्यावर भरवसा आहे. हे शेवटचं त्याने पुन्हा एकदा सांगितलं. मला ऐकू आलं नाही असं वाटलं बिचाऱ्याला. त्याला चहा पाजला आणि मोखाड्याच्या एसटीत बसवून दिलं.

आधी बंपरचं सांगतो. तू म्हणशील, या लोहाराला पत्रात लिहायलाही लोखंडच सुचतं. तर सुचतं. रुंद पाट्याचा बंपर मी लावलेला नाही. पाटा रुंद केला की तो बंपर राहत नाही, पायरी होते. चारजण त्यावर चढतात, टपाला धरून जामसरपर्यंत लोंबकळत जातात, आणि गाडी ओहोळातून वर चढायला लागली की तिचं बूड खाली टेकतं आणि पाटा नांगरासारखा माती उकरत येतो. म्हणून जाड पाइपचा आखूड बंपर केलाय. चाकांच्या आतच संपतो आणि जितका वर घेता आला तितका वर घेतलाय. मागून काही आदळलं तर त्याने सोसायचं, एवढंच त्याचं काम. ओढण्याचं काम त्याच्याकडे दिलेलं नाही. माणूस चिखलात फसला तर त्याला सदऱ्याला धरून कुणी ओढतं का? काखेतच हात घालावा लागतो. तसे दोन आकडे थेट चासीला, गाडीच्या कण्यालाच, आतून जाड पट्टी देऊन जोडलेत. दोर दोन्ही आकड्यांतून घ्यायचा, म्हणजे भार वाटला जाईल.

हे सगळं तुला मी पहिल्यांदा सांगत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आपली पहिली गाडी आठव. लष्कराच्या लिलावातली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. ती घरी आणली तेव्हा मैमुना दारात उभी राहून हसली होती, ही गाडी आहे की रंग उडालेली पेटी म्हणाली होती. माझी बहीण तुझी बायको झाली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि मेहुण्यापेक्षा तू मला शाळेतला युसुफच जास्त वाटायचास. आपण खाटेवर बसून त्या बंपरवरून किती भांडलो! तुला पाटा हवा होता, मला पाइप. तू म्हणायचास, गाडी काय रोज रुतते? माणसं मात्र रोज चढतात. मी म्हणायचो, रुतेल त्या दिवशी तुझी माणसं कुठे जातील? शेवटी मैमुनाच वैतागून म्हणाली, एकजण चालवतो, एकजण बनवतो, ज्याने त्याने आपापलं बघा. तू हात वर केलेस आणि म्हणालास, बरं बाबा, तुझंच खरं. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. तू ऐकलंस म्हणून नाही रे. हरूनही तू हसत होतास म्हणून.

अब्बांचा दंडक तुला माहीत आहे. त्यांनी कुणासाठी आकडा केला, मग तो विहिरीच्या रहाटाचा असो की बैलगाडीचा, पहिला भार पडताना ते स्वतः दोराजवळ जाऊन उभे राहायचे. सुटला तर आधी मला लागू दे म्हणायचे. दुकान माझ्याकडे आलं तसा दंडकही आला. म्हणून आपण ती गाडी मुद्दाम वांगणीच्या ओहोळात उतरवली, दोन जोड्या बैल लावले, आणि दोर ताणला गेला तेव्हा मी आकड्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. सगळा पाडा बघायला आला होता. गाडी वर आली तेव्हा पाड्यावरच्या जिव्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता आमी बी तठंच उबं ऱ्हावं. तुजा आकडा हाय ना." त्या दिवसापासून वांगणीला गाडी रुतली की लोक बिनधास्त दोराजवळ उभे राहायला लागले. दुसऱ्या गावचे लोक ताणलेल्या दोरापासून लांब पळतात. वांगणीचे पळत नव्हते. त्यांनी मला तिथे उभं राहिलेलं पाहिलं होतं.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता तू माझ्या दुकानात आलास. अंगभर चिखलाने माखलेला. आपली तीच गाडी ओहोळात रुतली, बैल लावले, जिव्या चाकामागे घालायचं टेकण घेऊन दोराजवळ उभा होता, आणि सगळं सुटून त्याच्या गुडघ्यावर आलं, असं म्हणालास. मग खाली बघून म्हणालास, "तुझा जोड सुटला, हारुन." मी विचारलं, कुठून सुटला, दाखव. तू म्हणालास, काय दाखवू, गाडीसकट सगळं ओहोळात वाहून गेलं.

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी धावत सरकारी दवाखान्यात गेलो. जिव्या बाकावर पडला होता, त्याची बायको रुपी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जिव्याचा पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. बांधावर बसून तो आता दुसऱ्यांची चिखलणी बघतो.

त्यानंतर माझं काय झालं ते तू स्वतः पाहिलंयस. पाड्यावरची माणसं विळे, कोयते, फाळ घेऊन यायची, ती बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जायला लागली. कुणी मला काही बोललं नाही. ही माणसं बोलत नाहीत, फक्त वाट बदलतात. मी ओढाताणीचं काम घेणंच सोडलं. कुलपं, बिजागऱ्या, कढयांचे कान, असलं काहीबाही करत बसलो. आकडा करायला घेतला की हात थांबायचा. खैरुन म्हणायची, अहो, एका जोडावर माणूस असा मोडतो का? मी तिच्यावर ओरडायचो. माझी बायको बरोबर बोलत होती आणि मीच तिला गप्प करत होतो.

आणि तू. तू मोखाड्याला बिऱ्हाड हलवलंस, तरी जव्हारला आलास की माझ्याकडे यायचास. माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायचास. ईदच्या दिवशी मी तुझ्या गळ्यात पडून रडलो, आठवतं? तू माझी पाठ थोपटलीस आणि म्हणालास, "होतं असं. कुणाचाही हात चुकतो. मी माझ्या मनातून काढून टाकलंय, तूही टाक." तुझ्या घरचे सगळे ऐकत होते. मैमुनाने डोळे पुसले. मला वाटलं, माझ्या मेहुण्यासारखा मोठ्या मनाचा माणूस नाही.

आता ऐक. भात कापणी सुरू व्हायच्या आधी मी वांगणीला गेलो होतो. जिव्यासाठी लोखंडी टोकाची काठी केली होती, पावसात निसरत नाही अशी. वर्षभर जायचं धाडस झालं नव्हतं. रुपीने बस म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. मी दारात उभा होतो आणि पाय धुवायला पुढे झालो, तर पाणी सांडायच्या जागी पायाखाली रुंद लोखंडी पाटा. त्याला आकडा तसाच होता. मी खाली बसलो. आकड्याच्या मानेवर छिन्नीचे तीन वार होते, अब्बांपासून चालत आलेली आमच्या दुकानाची खूण. माझा आकडा, युसुफ. ना वाकलेला, ना तडकलेला. पण मी तो चासीला जोडला होता आणि इथे तो पाट्यावर बसवलेला होता, कुणा परक्याच्या हाताने. त्या पाट्याच्या दोन्ही टोकांना बोल्टची भोकं फाटून उघडी पडली होती. बैलांचा सगळा जोर त्या चार बोटभर बोल्टांवर आला होता. ते सुटणार नाहीत तर काय होईल?

मी रुपीला विचारलं, हे कुठून आलं? ती म्हणाली, "ह्योच तं आला त्याच्या पायावर. लोखंड हाय, टाकायचा कशाला? धुवायाला बरा." मग म्हणाली, "गाडीवाला बोलला, हारुनभायचा हाय. तुजा नाय काय?"

तेव्हा मला सगळं उलगडलं. कुठल्या तरी गॅरेजात नेऊन तू माझे आकडे कापून घेतलेस, तुला हवा होता तो पाटा बसवलास आणि आकडे त्याच्यावर मिरवायला लावलेस. आणि गाडी तिथेच नेलीस, जिथे लोक माझ्या भरवशावर दोराजवळ उभे राहतात. तेवढं एक वेळ मी गिळलं असतं. तू हट्टी आहेस, तुला वाटलं असेल, हारुनला कळलं तर बोंबलेल, नंतर सांगू. चूक झाली म्हणून आला असतास तर मी तुला शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळी जेवायला बसवलं असतं. पण तू माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, मला माफ केलंस! तुझ्या पापाची माफी तू मला दिलीस, आणि मी ती डोळे पुसत घेतली. हे कसं जमलं रे तुला? घास घशाखाली कसा उतरत होता? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. मला आजवर ते फक्त बोलायचं वाटत होतं.

त्या दिवशी मी फक्त काठी देऊन आलो. जिव्याने काठी घेतली, दोन पावलं टाकून बघितली आणि चांगली आहे म्हणाला. मला खरं सांगता आलं असतं, पाटा समोरच होता. पण मी सांगितलं तर ती माझी सारवासारव ठरली असती. मैमुनालाही मी काही सांगितलेलं नाही. ती अजून मला समजावणारी पत्रं पाठवते, तुझं मन किती मोठं आहे ते लिहिते.

म्हणून हे पत्र. गाडी तयार आहे, पण ती दुकानातून थेट मोखाड्याला येणार नाही. येत्या रविवारी मी आणि तुका तिला वांगणीच्या ओहोळात उतरवणार आहोत, त्याच जागी. बैल सांगून ठेवलेत, तुकाला आदल्या दिवशी पाठव. जिव्या काठी टेकत येईन म्हणालाय, रुपीही येईल. तू मैमुनाला घेऊन ये. आकडा मी केलाय आणि दंडकाप्रमाणे तिथे मी उभा राहायला हवा, पण या वेळी दोराजवळची जागा तुझी. दोर ताणायच्या आधी तिथे उभा राहून सगळ्यांच्या देखत सांग, पाटा कुणी बसवला आणि नाव कुणाचं घेतलं. सांगितलंस तर मी येऊन तुझ्या शेजारी उभा राहीन, खांद्याला खांदा लावून. नाही सांगितलंस, तरी तुला तिथे उभं राहावं लागेल, आणि दोर ताणला गेला की तुझ्या पायांना कळेल की माझ्या हातावर तुझा खरंच किती भरवसा आहे. घाबरू नकोस, आकडा सुटणार नाही. तुला ते पहिल्यापासून माहीत आहे.

रविवारपर्यंत तरी तुझाच,
हारुन